फ्रेंच मापाचं हॅन्डल

हॅन्डल काही बसेना. सिद्धेशने तेल सोडून पाहिलं, हलक्या हाताने ठोकून पाहिलं, शेवटी दोन शिव्याही दिल्या. आजवर मागवलेल्या प्रत्येक हॅन्डलने असाच दगा दिला होता. जुन्या फ्रेंच सायकलींची मापं बाकी जगापेक्षा केसभर लहान असतात. त्या केसभरापायी मुलुंडमधल्या त्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक देखणी स्पोर्ट्स सायकल हॅन्डलावाचून उभी होती, आणि सिद्धेशचा जीव तिच्यात अडकला होता.

सायकल त्याला कुर्ल्याच्या भंगार बाजारात सापडली होती. चॉकलेटी ऑइलपेंट फासलेली, मागे हा भलामोठा कॅरियर, पुढे कुणीतरी कानशीने घासून घुसवलेलं साधं सरळ हॅन्डल. भंगारवाल्याला ती लोखंड वाटली. सिद्धेशला मात्र नळ्यांच्या सांध्यांवरची नक्षी दिसली आणि छातीत धडधडायला लागलं. जुन्या सायकलींचं वेड त्याला कॉलेजपासूनचं. अशी एक तरी आपल्या नशिबात यावी म्हणून तो वर्षानुवर्षं बाजार पालथे घालत होता. टेम्पोतून आणताना तो तिच्या शेजारी मागेच बसला. त्याची बायको श्रुतिका म्हणाली, की वरातीतही तो इतका खूश नव्हता.

ऑइलपेंट खरवडताना खालून निळा रंग निघाला, मग फ्रेंच कंपनीचा सोनेरी सिंह. सिद्धेश हरखून गेला. हा चॉकलेटी रंग आपण कुठेतरी पाहिलाय, असं मात्र त्याला सारखं वाटत होतं. आठवायला म्हणून त्याने मान वर केली, तर समोर सोसायटीचं गेट होतं. गेट रंगवून उरलेला डबा कुणी नेला तेही त्याला आठवलं, कारण सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून तो त्यानेच दिला होता. तळमजल्यावरच्या काशीरामकाकांना, सायकलीला लावायला.

काका पूर्वी भांडुपच्या एका कारखान्यात होते. तिथे मशीन बसवायला आलेल्या फ्रेंच साहेबाने परत जाताना आपली सायकल त्यांना देऊन टाकली, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. सिद्धेशनेही अनेकदा ऐकलं होतं आणि म्हाताऱ्याच्या गप्पा म्हणून सोडून दिलं होतं. मग पार्किंगची सफाई निघाली. धूळ खात पडलेल्या सायकली हलवा, नाहीतर भंगारात जातील, अशी नोटीस त्याने लावली ती नेमकी गणपतीत. अर्धी बिल्डिंग तेव्हा कोकणात होती. काकाही मालवणला होते. परत येऊन बघतात तर सायकल गायब. विचारायला आले तेव्हा सिद्धेशने त्यांना नियम समजावून सांगितला. विकलेल्या ढिगाकडे त्याने वळूनही पाहिलं नव्हतं. म्हणजे जिच्यासाठी तो मुंबई पालथी घालत होता, ती त्याच्याच स्कूटरला टेकून उभी असायची, आणि तिला भंगारात घालणाराही तोच होता.

त्याला मनापासून वाईट वाटलं. पण चॉकलेटी रंग काय, मुंबईत कुणीही लावतं, असं त्याने स्वतःला समजावलं आणि उरलेला रंग जरा भराभर खरवडून काढला. कॅरियर उतरवला. सरळ हॅन्डल करवतीने कापून फेकलं. मूळ निळा रंग चढवला, सिंहाला पुन्हा सोनेरी केलं. आता तिला फ्रान्समध्ये कुणीही ओळखलं असतं, मुलुंडमध्ये नाही.

काका रोज संध्याकाळी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन काम बघायला येऊन बसत. हातात चहाचा कप असे. सुरुवातीला सिद्धेशच्या हातातून स्क्रू निसटत. आज विचारणार, असं त्याला रोज वाटे, आणि काका चहा संपवून उठून जात. हळूहळू त्याची खात्रीच पटली, की म्हाताऱ्याला काही पत्ता लागलेला नाही. मग तोच त्यांना फ्रेंच मापांची गंमत कौतुकाने समजावू लागला. काका मान डोलवत.

आज हेही हॅन्डल बसलं नाही, तेव्हा काका उठून घरात गेले. परतले ते जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. आत मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, चकचकीत हॅन्डल होतं. काकांना वाकून सायकल मारणं कधी जमलंच नाही. त्यात प्रेमाकाकूंना मागे बसवून बाजारात न्यायचं, म्हणून त्यांनी तेव्हाच ते उतरवून माळ्यावर टाकलं होतं. काकू गेल्या तरी ते तिथेच होतं.

"घालून बघ," काका म्हणाले.

सिद्धेशने ते वरून सोडलं. ठोकावं लागलं नाही, तेल लागलं नाही. ते अलगद आत जाऊन बसलं. इतके महिने ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला होता, आणि सिद्धेशला शरमेने मान वर करवेना. रंगाची सबब आता चालणार नव्हती. हे हॅन्डल कोणत्या सायकलीचं, ते दोघांनाही समोर दिसत होतं.

काकांनी सायकल थोडी पुढे नेली, मागे आणली. सीटवरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

"झकास केलंस रे. माझ्या हातान इतकी बरी झाली नसती."

"काका," सिद्धेश म्हणाला, "मला एक सांगायचं होतं."

"माका पण," काका खुर्ची उचलत म्हणाले. "हिका हय ठेव नको, घरात घेऊन जा. हयलो सेक्रेटरी सायकली भंगारात इकता."