आमांची जुनी सवय

नेपाळमधल्या पाटणमध्ये परदेशी लोकांना नेपाळी शिकवणाऱ्या तुलसाने आज मिहो या जपानी मुलीला जुन्या सवयी सांगायला शिकवलं. मी अमुक करायचे, तमुक खायचे. सरावासाठी तिला घरातच, आपल्या सासूकडे धाडलं.

सासू, म्हणजे आमा, सोवळ्याच्या बाबतीत भारी कडक. घरात बोकडाचं मटण चालायचं, पण कोंबडी नुसती अंगणात शिरली तरी आमा शुद्धीसाठी सोनं बुडवलेलं पाणी शिंपडायच्या. तुलसा बिचारी बाजारातून आणलेली कोंबडी तांदळाच्या पिंपामागे वाटीत झाकून ठेवायची, आणि तुकडे कमी दिसले की मांजरीच्या नावाने खडे फोडायची.

मिहो हसतच परत आली आणि आपल्या शिक्षिकेला म्हणाली, "गुरुआमा, आमा तरुणपणी दर शनिवारी शेजारच्या नेवार समाजातल्या बाईंकडे जाऊन कोंबडी खायच्या."

तुलसाने विचारलं, "आमा? मग सोडली कधी?"

"खायची नाही सोडली, शेजारी जायचं सोडलं. म्हणाल्या, सून आल्यापासून घरातच पिंपामागे मिळते.

"फक्त ती आणते फार थोडी, दोघींना पुरत नाही."