दाराकडची रांग

“दरवर्षी तेच भांडण,” दुसऱ्या बाकावरची मुलगी शेजारणीच्या कानाशी पुटपुटली. “माझ्या ताईच्या वेळीही नकाशाच होता. बदल म्हणून यंदा पृथ्वीगोल तरी पळवायचा!”

इतिहासाच्या बाईंनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. अस्सल पुरावा कसा वाचायचा हे नववीला शिकवण्याची त्यांची ही जुनी पद्धत होती. तास रंगात आला की भूगोलाचे सर तावातावाने आत येत, भिंतीवरच्या नकाशावरून बाईंशी भांडत आणि नकाशा काखोटीला मारून निघून जात. मग मुलं पाहिलं तसं लिहून काढत. प्रत्येकाचं वेगळंच निघे. कुणाच्या लिखाणात सरांचा शर्ट निळा, तर कुणाच्या करडा. मग बाई विचारत, लिहिणारा बसला कुठे होता? लिहितोय कोणासाठी? काय गाळलंय? भांडण खोटं असतं हे शाळेत लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. तरी मुलं लिहायची मन लावून.

अडचण एवढीच होती, की भूगोलाचे सर बाईंचे नवरे होते आणि यंदा दोघांचं बोलणं खरोखरच बंद होतं.

लेक लांब दुसऱ्या देशात शिकायला गेली. तिचं सगळं सरांनी परस्पर ठरवलं. बाईंना कळलं ते बॅगा भरून झाल्यावर. तेव्हापासून भाजीत मीठ कमी पडलं तर सर ते फ्रीजला सांगत आणि बाई उत्तर शेगडीला देत. शाळेत दोघं एकाच स्कूटरवरून येत, मधे बाईंची पिशवी. शिक्षकांच्या खोलीत दोघं एकदम शिरली की बाकीच्यांना वह्या तपासायचा भलताच उत्साह येई. कुणी काही विचारत नव्हतं.

त्यामुळे आज सर येतील की नाही, हे बाईंना माहीत नव्हतं. आठवण करून देणार कशी? शेगडीला सांगून?

दार धाडकन उघडलं.

“माझा नकाशा कुणाला विचारून आणलात?”

“शाळेचा आहे. तुमच्या घरचा नाही.”

“असेल शाळेचा. पण विचारायची काही पद्धत असते की नाही?”

इथे बाईंनी “न्या एकदाचा!” असं म्हणायचं, ही ठरलेली गोष्ट. यंदा तोंडातून दुसरंच निघालं.

“पद्धत? ती तुम्ही मला शिकवणार? पोर घरातून गेली, तेव्हा मला विचारलं होतंत?”

बाई गर्रकन वळल्या, तरातरा खिडकीशी गेल्या आणि बंद असलेली खिडकी बंद करू लागल्या. डोक्यावर पंखा खडखडत होता. खाली मैदानात कुणीतरी जीव खाऊन शिट्टी फुंकत होतं. कडीशी पुरेशी झटापट करून त्या वळल्या, तेव्हा दारात कुणी नव्हतं. नकाशा भिंतीवरच होता.

“लिहा,” बाई म्हणाल्या.

त्यांनी स्वतःही फळ्यावर लिहिलं. नेहमीच लिहीत. शेवटची ओळ होती, ‘सर काही न बोलता निघून गेले.’

कागद गोळा झाले. बाई वाचायला लागल्या. शर्ट निळा होता, करडा होता, एका ठिकाणी चौकड्यांचा होता.

“सरांना मिशी कुणी दिली?”

वर्ग हसला. गरजेपेक्षा जरा जास्तच हसला.

पोरीबद्दलचं वाक्य एकाही कागदावर नव्हतं. त्याचं बाईंना नवल वाटलं नाही. मुलं चांगल्या घरची होती. पण दुसरंच काहीतरी खटकलं, आणि खटकलं की सोडून देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. खिडकीकडच्या रांगेने पानं भरली होती. दाराकडच्या रांगेने सगळं एका ओळीत उरकलं होतं. सर आले, भांडले, गेले.

“दाराकडची रांग,” त्या म्हणाल्या. “सर उभे होते तुमच्या पुढ्यात. सगळ्यात जास्त तुम्हाला दिसलं. मग सगळ्यात कमी तुम्हीच कसं लिहिलंत?”

“वेळ पुरला नाही, बाई.”

“बाकीच्यांना पुरला.”

“हात दुखत होता.”

“अख्ख्या रांगेचा?”

रांग बाकावरच्या रेघोट्या वाचू लागली.

“जवळचा साक्षीदार गप्प बसला, की तिथे काहीतरी असतं,” बाई म्हणाल्या. “बरं, फळ्यावर बघा. ही माझी नोंद. बाईंची आहे म्हणून खरी धरायची नाही. चूक असेल तर दाखवा.”

हे त्या दरवर्षी म्हणत. चूक आजवर कुणी दाखवली नव्हती.

दाराशेजारची चष्मेवाली उभी राहिली. तिच्या मैत्रिणीने तिची बाही ओढली. तिने ती सोडवून घेतली.

“शेवटची ओळ चुकलीय, बाई.”

“कशावरून?”

“तुम्ही खिडकीपाशी होतात. पाठ इकडे होती. वर पंखा. तुम्हाला ऐकू येणं शक्यच नव्हतं.”

बाईंच्या हातातला खडू फळ्याच्या कडेवर टेकला.

“काय ऐकू येणं?”

“सर लगेच गेले नाहीत. दारात थांबले होते.” तिने चष्मा उगाच वर सरकवला. “आम्ही लिहिलं नाही, कारण ते आम्हाला उद्देशून नव्हतं.”

“म्हणाले काय ते सांग. जसंच्या तसं.”

चष्मेवालीने एकदा रांगेकडे पाहिलं. मग फळ्याकडे बघत, पाठांतर म्हणून दाखवावं तशा सपाट आवाजात ती म्हणाली,

“‘चुकलं गं माझं. असंच घरीही भांड ना माझ्याशी.’”