मूळ झाडाचं पान

"पान कापायलाच हवं का?" आईनं तिसऱ्यांदा विचारलं.

बाटलीबाईनं ब्लेड स्पिरिटनं पुसलं. हे नाव बाबांनी ठेवलेलं. लोकांच्या मुली कुंडीत झाडं लावतात, आमची बाटलीत लावते, असं ते येईल त्याला कौतुकानं ऐकवायचे. बाबा गेले, नाव तेवढं राहिलं.

खिडकीतलं ऑर्किड बाबांचं. दोन जातींचा संकर करून त्यांनी सात वर्षं वाट पाहिली, तेव्हा कुठे ते एकदा फुललं. फिकट पिवळं फूल, मधल्या पाकळीवर तांबूस ठिपके. पुढच्याच महिन्यात बाबा गेले. तसं झाड जगात दुसरं नव्हतं. फुलाच्या दांड्यावरचा एक डोळा काढून बाटलीबाईनं प्रयोगशाळेत वाढवला. एकाची चार, चाराची चाळीस करत दोन वर्षांत तीनशे बारा रोपं झाली. या जातीला ती बाबांचं नाव देणार होती.

त्याआधी एकच काम उरलं होतं. बाटलीत वाढताना रोपं कधी कधी आतून बदलतात आणि फुलेपर्यंत पत्ता लागू देत नाहीत. म्हणून त्यांचा डीएनए मूळ झाडाशी ताडून पाहायचा.

"तुझी रोपंच एकमेकांशी ताडून बघ ना," आई म्हणाली. "या बिचाऱ्याला कशाला त्रास?"

"मुलं कुणावर गेलीत, हे मुलांकडेच बघून कसं कळेल, आई?"

आई हसली नाही. पूर्वी पाणी घालताना ती या झाडाशी गप्पा मारायची, दूध उतू गेलं तरी त्याला सांगायची. गेल्या वर्षी बाटलीबाई दोन महिने प्रशिक्षणाला जाऊन आली, तेव्हापासून मात्र आई मुकाट्यानं पाणी घालायची. चला, दुःख ओसरलं, असं बाटलीबाईला वाटलं होतं.

तीन आठवड्यांनी निकाल आला. रोपांच्या डीएनएचे पट्टे एकमेकांशी तंतोतंत जुळत होते. मूळ झाडाशी जुळत नव्हते. तिनं आणखी एक पान नेऊन पुन्हा तपासलं. तेच.

सगळी रोपं अशी एकसारखी बदलत नाहीत, प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या. सुरुवातीलाच बाटल्यांची अदलाबदल झाली असणार. दोन वर्षं ती दुसरंच कुठलं तरी रोप वाढवत बसली होती.

बाटलीबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा जाऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा डोळे पुसत पुसत तिनं त्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. घोळ तिथेच झाला असणार. थोडी तरी ठेव, फुलल्यावर बघू, असं मॅडमनी सुचवलं. तिनं ऐकलं नाही. बाबांच्या नावावर परकं रोप तिला एक दिवसही नको होतं. तिनं स्वतःच्या हातानं तीनशे बारा बाटल्या वाफेच्या टाकीत ठेवल्या आणि झाकण आवळलं. तासाभरानं रोपं उकडून खाकी झालेली बाहेर निघाली.

घरी येऊन तिनं आईला सगळं सांगितलं. चूक माझीच, म्हणाली, बाबांनी एवढं एकच काम माझ्यावर सोपवलं होतं.

"पण मूळ झाड आहे ना आपल्याकडे," ती म्हणाली. "यंदा दांडा आला की पुन्हा डोळा काढीन."

"एखादी तरी बाटली ठेवली असशील."

"एकही नाही."

आई खुर्चीत बसली. कुंडीवरची बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी ती पदरानं पुसत राहिली.

"तू प्रशिक्षणाला गेलीस ना, तेव्हा माझ्या हातून पाणी जास्त झालं," ती म्हणाली. "ते कुजलं गं. हे मी नर्सरीतून आणलं, तसंच दिसणारं. तुझ्या बाटल्यांत ते जिवंत आहे, म्हणून गप्प बसले."