विलगीकरणातलं मत

सकाळी दहा वाजता मतदानाचा ड्रोन ओगलेबाईंच्या गॅलरीत उतरला. दारावर साथीची लाल पट्टी असल्यामुळे बाईंना केंद्रावर जायला बंदी होती, म्हणून केंद्रच उडून आलं होतं. बाईंनी ड्रोनवरच्या मतदान यंत्राचं बटण दाबलं, बोटाला शाई लावून घेतली.

“धन्यवाद, बाई,” कचेरीत बसलेला अधिकारी ड्रोनमधून बोलला. “बाधित घरातलं मत आता चौदा दिवस विलगीकरणात राहील.”

“आणि मोजणी कधी?”

“परवा.”

“मग माझ्या मताचं काय?”

“अगदी सुरक्षित राहील. टक्केवारीत तुम्हाला धरलंय.”

बाई निवृत्त शिक्षिका होत्या, म्हणजे त्यांनी आयुष्यभर निवडणुकीची ड्यूटी केली होती.

“एक जरी यंत्र जमा व्हायचं राहिलं तरी मोजणी सुरू करता येत नाही. हा नियम आहे ना अजून?”

“आहे की.”

बाईंनी ड्रोनच्या मागची, गॅलरीची बाहेरची सरकती काच ओढली आणि कडी घातली.

“बाई, हे काय करताय?”

“तुमचा ड्रोन बाधित घरात आहे, साहेब. आता चौदा दिवस त्यालाही बाहेर पडता येणार नाही,” बाई म्हणाल्या. “याला चार्जर कुठला लागतो?”