बुटाचं पॉलिश
वडील गेल्यावर त्यांची चाळीस वर्षं जुनी मोटारसायकल भावाने परस्पर विकायला काढली. गिऱ्हाईक लहानग्या लेकीला टाकीवर बसवून किक मारणार, एवढ्यात वडिलांचं गॅरेज चालवणारी बहीण बाहेर आली. कार्बोरेटरच्या रबरी नळीवरून तिने बोट फिरवलं, ते काळं झालं. भेगाळलेल्या नळीवर भावाने बुटाचं पॉलिश चोपडलं होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "भेगांतून हवा शिरली तर अ‍ॅक्सिलरेटरची मूठ सोडूनही वेग उतरत नाही, हे बाबांनी तुलाही शिकवलं होतं ना?" "हळू बोल! विकली की आपला संबंध संपला." "असं? मग तुझ्या पोरीला टाकीवर बसव आणि मार चक्कर!" भाऊ जागचा हलला नाही. तिने वाळून कडक झालेली नळी उपटून काढली आणि त्याच्यादेखत काडकन मोडली. गिऱ्हाइकाने लेकीला उतरवलं. "ताई, नवी नळी मिळेपर्यंत थांबतो. पण तुम्हीच बसवा."