डावखुरी माशी

हमदियाने बूट काढलेच नाहीत. चिखलाने भरलेले, ओले बूट घेऊन तो तसाच स्वयंपाकघरातल्या गालिच्यावर येऊन उभा राहिला. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं. झुमरा आलुबुखाऱ्याचा मुरंबा ढवळत होती. ती ओरडणार, एवढ्यात त्याने मूठ उघडली.

"नेजाद जिवंत आहे," तो म्हणाला.

त्याच्या तळहातावर एक खोटी माशी होती. गळावर रेशमी दोरा गुंडाळून, त्यात कोंबड्याचं पीस अडकवून बांधलेली, ट्राउट धरायची माशी. सप्टेंबर संपत आला होता आणि ट्राउटच्या मोसमाचे दोनच दिवस उरले होते. आज सना नदीत त्याला हातभर लांबीचा नसला तरी चांगला मोठा मासा लागला. गळ सोडवताना बोटांना जबड्यात आधीच रुतलेली ही दुसरी माशी लागली. कुणाच्या तरी गळाची दोरी, तंगूस, तोडून तो मासा पळालेला असणार. हमदियाला हल्ली बारीक काही दिसत नाही. पण शेजारचा रमिझ बरोबर होता. त्याने माशी डोळ्यांजवळ नेली आणि दोऱ्याचे वेढे बघून ओरडलाच.

"दोरा उलटा गुंडाळलाय, झुमरा!" हमदिया म्हणाला. "डाव्या हाताने!"

"रमिझचं काय ऐकतोस? त्याला चष्म्यातून एकाचे दोन दिसतात."

"रमिझ खोटा असेल, मासा खोटा आहे का? बघ, गळाला गंजाचा ठिपका नाही. फार तर दोन-तीन आठवड्यांपूर्वीची आहे. सगळ्या सनेवर उलटा दोरा गुंडाळणारा एकच होता."

ते मात्र खरं होतं. नेजाद, त्यांचा मुलगा, डावखुरा. युद्धाच्या पहिल्या उन्हाळ्यात सैनिकांनी त्याला घरातून बसमध्ये घालून नेलं, तेव्हा एकवीस वर्षांचा होता. हमदियाला त्या डाव्या हाताची भारी चीड. बाप म्हणून तो जरा अतीच करायचा, हे सांगायलाच हवं. पोराने बांधलेल्या माश्या तो ब्लेडने कापून सोडवायचा आणि चारचौघांत म्हणायचा, "याला मासा काय, बेडूकसुद्धा लागायचा नाही." पोरगा हसायचा आणि पुन्हा तशीच बांधायचा. त्याची एक माशी बापाने कधी पाण्यात टाकली नाही.

त्याला नेल्याला आता सोळा वर्षं झाली होती. महिन्याभरापूर्वी कागद आला होता. जुन्या खाणीत सापडलेली काही हाडं झुमराच्या रक्ताशी जुळली होती. दोघांच्या सह्या झाल्या की दफन करता येणार होतं. झुमराने त्याच दिवशी सही केली. तिला एक जागा हवी होती, जिथे उभं राहून फातिहा म्हणता येईल. हमदिया म्हणाला, यंत्रं चुकतात. जिवंत पोराची कबर मी खणणार नाही.

"फाड तो कागद," तो आता म्हणाला. "माझ्यावर रागावलाय गं तो. म्हणून नदीपर्यंत आला, दारापर्यंत नाही आला. रागवू दे. भेटला की पहिलं हेच सांगणार. लागतो रे बाबा, तुझ्या माशीला मासा लागतो. तुझा बाप गाढव होता."

आणि तो हसला. झुमराने हे हसू कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. गप्प बसावं, असं तिला वाटलं. फार वाटलं. निदान एक हिवाळा तरी सुखात जाईल त्याचा. पण रमिझच्या तोंडात तीळ भिजत नाही, एव्हाना बातमी मशिदीपर्यंत गेली असेल. उद्यापासून हा माणूस पहाटे काठावर जाऊन बसेल. बर्फ पडलं तरी बसेल. आणि खाणीतून काढलेलं पोर कुठल्याशा फळीवर, नंबर लावलेल्या पिशवीत पडून राहील.

तिने मुरंबा विस्तवावरून उतरवला. हात धुतले. खिडकीपाशी हमदियाचं माश्या बांधायचं टेबल होतं, तिथे जाऊन ती त्याच्या स्टुलावर बसली. टेबलाला लावलेल्या छोट्या चिमट्यात तिने कोरा गळ आवळला आणि दोरा डाव्या हातात घेतला.

"हे काय गं?" तो हसतच जवळ आला.

दोरा भराभर फिरत होता, कुठेही न अडखळता. हमदियाने मान खाली घातली, नाक गळाला लागेल इतकी. वेढे उलटे पडत होते.

"हिवाळ्यात मी त्याच्या शेजारी विणत बसायचे," ती म्हणाली. "बघून बघून हातात बसलं. मला दुसरी रीत येतच नाही."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. तुझ्या माश्या पाण्यात सुटायला लागल्या. रिकाम्या हाताने यायचास आणि भिंतीकडे तोंड करून पडायचास. तू दुपारच्या नमाजाला गेलास की मी त्या सोडवते आणि पुन्हा बांधते. गेल्या पंधरवड्यात गिरणीखाली तुझा तंगूस तुटला ना? त्याला माझीच माशी होती."

हमदियाने खिशातली माश्यांची डबी चाचपली.

"यातल्या सगळ्या?"

"सगळ्या."

"आणि दोन वर्षं मी जे मासे आणले?"

"तेही."

तो बुटांसकट खाली गालिच्यावर बसला. मग मान वर करून त्याने तिला विचारलं,

"मग मी चुकलो होतो, हे आता कुणाला सांगू?"