पलीकडची कड

ओहायोतल्या शनिवारच्या सॉकर सामन्यांना गॅरेट शेजारच्या आईबापांना कौतुकानं सांगायचा, "माझी मरेन दोन्ही पायांनी सारखीच खेळते. आधी उजवीकडून खेळते, मध्यंतरानंतर डावीकडून. बारा वर्षांची पोर, बघा!"

आज मध्यंतरात तो प्रशिक्षक डीलियाला म्हणाला, "राज्याच्या निवडीसाठी शिफारस लिहाल ना, त्यात हे घाला हं. दोन्ही बाजू तुम्हीच शिकवल्यात."

डीलिया बुटानं गवत उकरत राहिली. "मी नाही शिकवल्या. बाजू बदलून तीच मागते. मध्यंतरानंतर संघ मैदानाची टोकं बदलतात, मग तिची उजवी बाजू नेमकी तुमच्यासमोर येते. म्हणून डावीकडे जाते. तुमच्या ओरडण्यापासून लांब."

गॅरेटचे कान तापले. उरलेला सगळा खेळ त्यानं ओठ घट्ट मिटून पाहिला. शेजारच्या बाईंनी चिमटा काढलाच, "काय हो, आज बॅटरी उतरली का?"

सामना संपताच मरेन आख्खं मैदान ओलांडून धावत आली. चेहरा घाबराघुबरा.

"बाबा, बरं वाटत नाहीये का तुला? आज पलीकडे तुझा आवाजच आला नाही."